दोनशे दहा मीटर

एकतीस वर्षं मी एसटीत कंट्रोलर होतो.
गारगोटी, राधानगरी, गगनबावडा,
झोपेतून उठवून विचारा, किलोमीटर सांगेन.
पण माझ्या दारापासून थोरलीच्या दारापर्यंत किती,
याला अकरा वर्षं माझ्याकडे दोन उत्तरं होती.
एक : तिच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, एवढं.
दुसरं : साडेतीन किलोमीटर,
मुजावरांच्या गिरणीवरून वळसा घालून.

आमच्या शिवगंगा कॉलनीतला रस्ता
ट्रान्सफॉर्मरपाशी येऊन थांबायचा,
बोलता बोलता शब्द न आठवलेल्या माणसासारखा.
पलीकडून रेणुका पार्कातलाही तसाच यायचा.
मधे आण्णाप्पा मगदुमांचा ऊस.
अलीकडची हद्द महापालिकेची, पलीकडची ग्रामपंचायतीची,
आणि बांधाला विचाराल तर
तो दोघांनाही ओळखत नव्हता.

ऊस वाढला की थोरलीचं घर बुडायला लागायचं.
श्रावणात खिडक्या, दिवाळीला गच्चीवरची दोरी.
मग थंडीत टोळी यायची, कोयते चालायचे,
आणि एका सकाळी अख्खं घर पुन्हा वर :
हिरवा दरवाजा, वाळत घातलेला नातवाचा युनिफॉर्म.
आमची ही गच्चीवर जाऊन हात करायची.
खोडवा डोक्याएवढा होईपर्यंत
रोज, साडेआठला.

निवेदनं मी लिहायचो, अक्षर बरं म्हणून.
सतरा झाली.
प्रत्येकाच्या खाली ‘आपला विश्वासू’.
विश्वास कुठल्या टेबलावर अडकला
ते काही कळलं नाही.

शेवटी मगदुमांकडेच गेलो.
विहिरीच्या कठड्यावर बसले होते, टोपी गुडघ्यावर.
म्हणाले, “कंट्रोलरसाहेब, रस्त्याला माझी ना न्हाई.
पर त्या नकाशानं माझ्या हिरीवरनं रेघ वडलीया,
आन् वडणाऱ्यानं आत वाकून बघितलंबी न्हाई.”
मी वाकलो.
पाणी खोल होतं, स्वच्छ होतं,
आणि त्यात आम्ही दोघे,
रस्त्याच्या बरोबर मधोमध.

अठराव्या निवेदनात मी रस्ता मागितला नाही.
वाक मागितला.
नऊ मीटरचा, डावीकडे.

प्रज्ञा कांबळे म्हणून नवी इंजिनिअर आली,
टेपचं दुसरं टोक माझ्या नातवाच्या हातात दिलं,
दुपारी विहिरीचंच पाणी प्यायली
आणि वहीत पेन्सिलीनं एक हलकी रेघ वळवली.
खोडायला सोपी म्हणून पेन्सिल, असं मला वाटलं.
नाही खोडली.
वर्ष गेलं त्यात, पण नाही खोडली.

माघात दस्तगीरचा रोलर आला.
खडी, मुरूम, डांबराचा धूर,
हिची वाळवणं काळी, शेजाऱ्यांचा दमा,
निवेदनावर सह्या करणारेच आता धुळीची तक्रार सांगत होते.
आणि एका बुधवारी संध्याकाळी
दोन्ही टोकं एकमेकांना लागली.
फीत, नारळ, फ्लेक्स सगळं रविवारी होतं.
त्याआधीच थोरली चालत आली,
पायात स्लिपर, हातात पितळी डबा.
झाकण काढलं तर तांबड्या रश्श्याला वाफ होती.
अकरा वर्षांत पहिल्यांदा वाफ.
ही काही बोलली नाही. भाकरी थापायला उठली.

आता गाड्या जातात.
विहिरीपाशी सगळ्यांचं हँडल जरा डावीकडे कलतं,
नवखे शिव्या देतात,
“हितं सरळ न्यायला काय धाड भरली होती?”
मगदूम कठड्यावरून ऐकतात, तंबाखू मळतात.
ही अजून साडेआठला गच्चीवर जाते.
खाली उतरून तीन मिनिटांत पोचेल,
पण आधी हात करते.

आणि मी दर गुरुवारी गव्हाचा डबा घेऊन
जुन्या वळशानं निघतो.
तिकडे आता कुत्रीसुद्धा सावकाश रस्ता ओलांडतात.
मुजावर गिरणीच्या दारातच उभा असतो, मिशांवर पीठ.
परवा म्हणाला, “रस्ता झाला न्हवं तुमचा?
मग हिकडं कशाला, एवढ्या लांबनं?”
“दळण,” मी म्हटलं.
त्यानं पट्टा चालू केला,
आणि पुढचं दोघांनाही ऐकू आलं नाही.